केटामाइन, मानसोपचार आणि दवाखान्याची पारख

दीर्घकाळ रेंगाळणारे नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा नसून तो एक आजार आहे, ही गोष्ट आता आपल्या समाजाला हळूहळू पटू लागली आहे. तथापि या आजाराची दुसरी बाजू अद्याप तितकीशी परिचित नाही. औषध सुरू केले म्हणजे प्रत्येक रुग्णाला आराम पडतोच असे नाही. अमेरिकेत या शतकाच्या आरंभी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने पूर्ण बरे वाटलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश एवढेच भरले. उरलेल्यांना दुसरे औषध, तिसरे औषध असा प्रवास करावा लागतो. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसे आठवडे घेऊनही गुण येत नाही, तेव्हा वैद्यक त्यास उपचारांना दाद न देणारे नैराश्य असे म्हणते. अशा रुग्णाच्या घरातील माणसे थकलेली असतात, पैसा खर्च झालेला असतो, आणि रुग्णाच्या मनात मृत्यूचे विचार येऊ लागलेले असतात. नेमक्या याच वेळी कोणीतरी नव्या उपचाराची वार्ता आणते.

केटामाइन या औषधाच्या साहाय्याने करावयाचा मानसोपचार ही अशीच एक वार्ता होय. या उपचाराचे मोठे क्षेत्र अमेरिका हे आहे. तेथे राहणारी आपली मराठी मंडळी त्याविषयी घरी कळवितात, वृत्तपत्रांतून त्याची वर्णने येतात, आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतही काही मनोविकारतज्ज्ञ हे औषध नैराश्यावर वापरू लागले आहेत. साहजिकच, हे खरे की खोटे, आणि जावयाचे झाल्यास कोणत्या दवाखान्यात जावे, असे प्रश्न लोक विचारतात. गावात असे प्रश्न प्रथम डॉक्टरांपुढे येतातच असे नाही. पुष्कळदा ते शाळेतील गुरुजींपुढे, ग्रामपंचायतीच्या सदस्यापुढे अथवा ओळखीच्या अधिकाऱ्यापुढे येतात. या लेखाचा हेतू औषधाची शिफारस करणे हा नाही, तसेच त्याची भीती घालणे हाही नाही. दवाखान्याची पारख कशाच्या आधारे करावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

मुळात हे भुलीचे औषध

केटामाइन प्रथम तयार झाले ते १९६२ मध्ये. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पार्क डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते बनविले. १९६४ मध्ये डॉ. एडवर्ड डॉमिनो व डॉ. गुंटर कोर्सेन यांनी ते माणसांना देऊन पाहिले, आणि १९७० मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने भुलीचे औषध म्हणून त्यास मान्यता दिली. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर त्याचा पुष्कळ वापर झाला. इतर भुलीच्या औषधांनी श्वास मंदावतो आणि रक्तदाब उतरतो. केटामाइनचे तसे नाही. नेहमीच्या मात्रेत श्वसन बहुतेक चालू राहते, रक्तदाब उलट काहीसा चढतो, आणि वेदना मात्र थांबतात. यंत्रसामग्री अपुरी असलेल्या ठिकाणी शस्त्रक्रिया करणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ पासून आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान दिले आहे. पुढे व्यसनासाठी त्याचा वापर होऊ लागल्याने २०१५ च्या सुमारास त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचा प्रस्ताव चीनने मांडला. तेव्हा ग्रामीण भागातील शस्त्रक्रिया अडतील या कारणास्तव संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यास अनुकूलता दर्शविली नाही. तालुक्याच्या गावी तातडीची शस्त्रक्रिया होते, तेव्हा त्या टेबलाजवळच्या ट्रेमध्ये बहुधा हीच कुपी असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. हे औषध मुळात अभद्र नाही.

भुलीच्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत दिले असता रुग्ण जागा असतो, पण त्याचे आपल्या देहाशी व भोवतालाशी असलेले नाते काही काळ सुटल्यासारखे होते. आपण शरीराबाहेर आहोत, काळ थांबला आहे, असे त्याला वाटते. कोणाला ते सुखद वाटते, कोणाला भयप्रद. साधारणतः तासाभरात हा अंमल ओसरतो.

नैराश्यावर उपयोग कसा ध्यानात आला

सन २००० मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी अगदी थोड्या रुग्णांवर पहिला नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. कार्लोस झराटे व त्यांचे सहकारी यांनी अठरा रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. हे सर्व रुग्ण इतर औषधांनी बरे न झालेले होते. वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम औषध चाळीस मिनिटांत शिरेवाटे दिल्यावर, दुसऱ्याच दिवशी दहांपैकी सुमारे सात जणांना लक्षणीय आराम वाटला. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना परिणाम दाखविण्यास काही आठवडे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाने वैद्यकीय जगात खळबळ का उडाली ते कळते. पण त्याच निबंधातील दुसरा आकडा जाहिरातींत सहसा येत नाही. आठवडाभर टिकलेला लाभ सुमारे एक तृतीयांश रुग्णांपुरताच होता.

केटामाइनचा गुण लवकर येतो आणि लवकर जातो. दवाखान्याची निवड करताना ज्या अनेक गोष्टी तपासावयाच्या, त्यांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे. एका सुईने काम होत नाही, म्हणून दोन ते तीन आठवड्यांत सहा वेळा औषध देण्याची पद्धत पडली. आणि सहाव्यानंतर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला.

२०२३ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, ते एकत्र वाचण्यासारखे आहेत. पहिल्यात, भ्रम-भास नसलेल्या पण औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांपैकी काहींना केटामाइन आणि काहींना विजेचे उपचार देऊन तुलना केली गेली. प्रत्यक्ष उपचार सुरू झालेल्या ३६५ रुग्णांमध्ये केटामाइनच्या गटात सुमारे ५५ टक्के, तर विजेच्या उपचारांच्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्णांना गुण आला. दुसरा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील. तेथे नैराश्य असलेल्या चाळीस रुग्णांना, त्यांच्यावर अन्य कारणासाठी शस्त्रक्रिया होत असताना व ते पूर्ण भुलीखाली असताना, निम्म्यांना केटामाइन व निम्म्यांना निव्वळ खारे पाणी देण्यात आले. आपल्याला काय मिळाले हे कोणालाच कळण्याचा मार्ग नव्हता. दोन्ही गटांत नैराश्य पुष्कळ कमी झाले, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. औषध निरुपयोगी आहे असा याचा अर्थ लावणे घाईचे होईल. परंतु आशा, अपेक्षा आणि आपली कोणीतरी काळजी घेत आहे ही जाणीव यांचा वाटा मोठा असावा, एवढे यावरून म्हणता येते. ही आशा दवाखान्याच्या हातातील फार मोठे भांडवल असते. ते प्रामाणिकपणे वापरले जाते की नाही, हे पाहणे म्हणजेच दवाखान्याची पारख करणे.

‘मानसोपचार’ या शब्दाने होणारा घोटाळा

आपल्या भाषेत गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांच्या कामालाही मानसोपचार म्हणतात आणि रुग्णाशी ठरावीक पद्धतीने बोलून करावयाच्या उपचारालाही तोच शब्द लावतात. येथे हा भेद जपला पाहिजे. शिरेवाटे औषध देऊन रुग्णाला घरी पाठविणे ही एक पद्धत झाली. केटामाइनच्या साहाय्याने मानसोपचार म्हणजे त्याहून काही अधिक. तीत औषधापूर्वी प्रशिक्षित उपचारकर्ता रुग्णाशी एक-दोनदा बसून बोलतो, औषधाचा अंमल असताना जवळ थांबतो, आणि नंतरच्या दिवसांत त्या अनुभवात जे जाणवले त्याचा रुग्णाच्या जगण्याशी मेळ घालण्यास मदत करतो. रशियात लेनिनग्राड येथे डॉ. एव्हगेनी क्रुपित्स्की यांनी १९८० च्या दशकापासून मद्यपींवर या पद्धतीचे काम केले. वर्षभरानंतर दारूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण त्यांच्या १९९७ च्या निबंधात सुमारे ६६ टक्के, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २४ टक्के दिले आहे. हे आकडे मोठे आहेत. मात्र आजच्या काटेकोर कसोट्या लावून तो प्रयोग झालेला नव्हता. नैराश्याच्या बाबतीत औषधाच्या जोडीला बोलण्याचा उपचार दिल्याने नेमकी किती भर पडते, याचा भक्कम पुरावा अजून जमावयाचा आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे मानसोपचारासह’ अशी पाटी दिसली की त्यामागे खरोखर कोण माणूस आहे, तो किती वेळ देतो आणि त्याची पात्रता काय, हे विचारलेच पाहिजे. भिंतीला शांत रंग, कानाला मंद संगीत आणि डोळ्यांवर पट्टी एवढ्याने मानसोपचार होत नाही.

अमेरिकेत नियम कोठे आहेत, कोठे नाहीत

केटामाइनचाच एक भाग असलेल्या एस्केटामाइन या औषधाच्या नाकात मारावयाच्या फवाऱ्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्यता दिली. ही मान्यता कडक अटींसह आहे. फवारा केवळ प्रमाणित केंद्रातच द्यावयाचा, रुग्णाला घरी न्यावयास द्यावयाचा नाही, दिल्यानंतर किमान दोन तास देखरेखीखाली ठेवावयाचे आणि त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालवावयाचे नाही.

जुन्या केटामाइनला मात्र नैराश्यासाठी अशी मान्यता नाही. तेथे ते भुलीचे औषध म्हणूनच नोंदलेले आहे. मान्य औषध अन्य कारणासाठी स्वतःच्या जबाबदारीवर देण्याची मुभा डॉक्टरांना कायद्याने आहे, आणि ती मुभा वापरून तेथे शेकडो दवाखाने उघडले. यातील विसंगती वाचकांच्या ध्यानात आली असेल. ज्या फवाऱ्याचा अभ्यास अधिक झाला त्याला दोन तासांच्या देखरेखीचे बंधन, आणि शिरेवाटे द्यावयाच्या औषधासाठी तसे बंधन नाही. तेथे सर्व भिस्त दवाखाना चालविणाऱ्याच्या सचोटीवर. काही केंद्रे मनोविकारतज्ज्ञ चालवितात, काही भूलतज्ज्ञ, काही तातडीच्या विभागात काम केलेले डॉक्टर, तर काही केवळ गुंतवणूकदार. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका गटाने २०१७ मध्ये या उपचारासंबंधी मार्गदर्शक निवेदन प्रसिद्ध केले. परंतु निवेदन म्हणजे कायदा नव्हे.

कोविडच्या साथीत दूरध्वनी व संगणकावरून तपासणी करून औषध लिहून देण्याची सवलत तेथे मिळाली, आणि केटामाइनच्या जिभेखाली ठेवावयाच्या वड्या टपालाने घरपोच जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रशासनाने याविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्यात एका रुग्णाचा दाखला आहे: त्याने घरी तोंडावाटे घेतलेल्या केटामाइनने श्वसन मंदावले, आणि रक्तातील औषधाचे प्रमाण भुलीसाठी सामान्यतः लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट भरले. शिरेवाटे दिलेले औषध सर्वच्या सर्व रक्तात जाते, स्नायूत दिलेले नऊ दशांशांच्या आसपास, तर गिळलेले जेमतेम पाचवा हिस्सा. त्यामुळे एका मार्गाची मात्रा दुसऱ्या मार्गाला लावता येत नाही, आणि घरी बसून तिचा अंदाज करणे हे तर साहसच होय.

दारात पाऊल टाकताना

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. चांगल्या दवाखान्याची पहिली खूण अशी की तो काही रुग्णांना परत पाठवितो. येईल त्याला उपचार देणारा दवाखाना वैद्यकीय तपासणी करीत नाही, तो गिऱ्हाईक मोजतो. ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे, ज्यांच्या रक्तवाहिनीला फुगवटा आहे, ज्यांना भ्रम-भासांचा आजार आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, ज्यांचे कोणतेही व्यसन चालू आहे, अशांच्या बाबतीत हे औषध टाळावे लागते किंवा फार विचाराने द्यावे लागते. याची विचारपूस पहिल्या भेटीत झाली नाही, पूर्वीच्या औषधांचे कागद कोणी मागितले नाहीत, आणि पहिल्याच दूरध्वनीत सहा वेळांचे पैसे आगाऊ भरावयास सांगितले, तर तेथून उठावे. पैसे भरल्यावर उठणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट माणसांची. नैराश्याचे निदान करणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे, आणि रक्तदाब चढला वा श्वास अडला तर रुग्णाला सावरणे हे भूलतज्ज्ञाचे अथवा तसे शिक्षण घेतलेल्या डॉक्टराचे. एकच व्यक्ती दोन्हींत सारखीच निष्णात असणे दुर्मिळ. म्हणून दोन्ही कामे कोणाकडे आहेत, हे नावानिशी विचारावे. औषध चालू असताना त्या खोलीत कोण असेल? रक्तदाब, नाडी आणि रक्तातील प्राणवायू दर किती मिनिटांनी पाहतात? प्राणवायूचे सिलिंडर व श्वासासाठीची साधने त्याच खोलीत आहेत की दुसऱ्या मजल्यावर? हे प्रश्न विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. ज्या ठिकाणी व्यवस्था आहे तेथील माणसे ती आनंदाने दाखवितात.

अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे डॉक्टरांची नोंद असते आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास ती जनतेला पाहता येते. तेथील आपल्या नातेवाइकांनी दवाखान्याच्या जाहिरातीपेक्षा आधी ही नोंद पाहावी.

तिसरी बाब नाजूक आहे, आणि ती बोलण्याचा संकोच होतो म्हणूनच ती स्पष्ट सांगितली पाहिजे. अंमल असताना रुग्ण असहाय असतो. त्याला नीट बोलता येत नाही, उठता येत नाही, आणि जवळच्या व्यक्तीविषयी एरवी वाटणार नाही इतका विश्वास त्या वेळी वाटू शकतो. म्हणून स्पर्शाविषयी आधीच, पूर्ण शुद्धीत असताना, ठरवून घ्यावे. धीर देण्यासाठी हात हातात घेतलेला चालेल की नाही, एवढीशी गोष्टसुद्धा आधी ठरलेली असावी आणि रुग्णाने हाताने खूण करताच थांबण्याचा नियम असावा. स्त्री रुग्ण असल्यास खोलीत दुसरी स्त्री असावी असा आग्रह धरण्यात गैर काही नाही. उपचार चालू असताना नव्या कागदावर सही मागणे, मात्रा वाढविण्यास संमती घेणे, हे सर्वथा अयोग्य होय. त्या वेळची संमती ही संमतीच नव्हे.

उपचाराचा शेवट कोठे

पूर्वी म्हटल्याप्रमाणे गुण टिकत नाही, म्हणून अधूनमधून पुन्हा औषध द्यावे लागते. येथेच चांगला दवाखाना आणि वाईट दवाखाना यांची वाट वेगळी होते. चांगला दवाखाना आरंभीच लिहून देतो की, दोन-तीन वेळांत काहीच फरक दिसला नाही तर अमुक करू, सहा वेळांनंतर अमुक अंतराने तपासू, आणि अमुक झाल्यास थांबवू. प्रत्येक भेटीत तो ठरावीक प्रश्नावलीने नैराश्याचे मोजमाप करतो. केवळ ‘कसे वाटते’ असे विचारून पुढील तारीख देत नाही. वारंवार व मोठ्या मात्रेत केटामाइन घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला इजा होते, असे २००७ मध्ये कॅनडा व हाँगकाँग येथील डॉक्टरांनी प्रथम निदर्शनास आणले. ते रुग्ण व्यसनी होते, उपचार घेणारे नव्हते. तथापि दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यालाही लघवीच्या तक्रारींविषयी विचारले जाते की नाही, यावरून दवाखान्याची जागरूकता कळते.

या औषधाची सवय लागते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. ‘फ्रेंड्स’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगभर ठाऊक झालेले अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा २८ ऑक्टोबर २०२३ रोजी मृत्यू झाला, आणि केटामाइनचा तीव्र परिणाम हे त्याचे मुख्य कारण ठरले. त्यांच्यावर केटामाइनचे रीतसर उपचार चालू होते. पण शेवटची उपचाराची मात्रा आठवड्याहून अधिक काळ आधीची होती, म्हणजे मृत्यूस कारण झालेले औषध त्या उपचारातले नव्हते. तपास यंत्रणांच्या सांगण्यानुसार, दवाखान्याने मात्रा वाढवून देण्यास नकार दिल्यावर ते अन्य लोकांकडे वळले. या प्रकरणी २०२४ मध्ये पाच जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यांत दोन डॉक्टर होते, आणि पुढे पाचही जणांनी गुन्हा कबूल केला. या दुःखद कथेत ज्या दवाखान्याने ‘नाही’ म्हटले त्याचे वर्तन योग्यच होते. परंतु नकार दिल्यानंतर रुग्ण कोठे जातो याकडे लक्ष ठेवण्याची व्यवस्था असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडील कायदा आणि मार्ग

भारतात केटामाइनवर दुहेरी नियंत्रण आहे. २०११ पासून ते गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कक्षेत आले, आणि २०१३ मध्ये त्याचा औषधविषयक नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत समावेश झाला. या अनुसूचीतील औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत विक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. यावरून एक सोपी कसोटी मिळते. जो कोणी केटामाइन चिठ्ठीशिवाय, घरपोच वा ‘ओळखीने’ देऊ म्हणतो, तो कायद्याबाहेर आहे. तेथे दुसरा प्रश्न विचारण्याची गरज नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून अंमलात आहे. मनोरुग्णांना जेथे दाखल करून ठेवले जाते त्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी या कायद्याने आवश्यक केली आहे. आजाराचे स्वरूप, योजलेला उपचार व त्याचे दुष्परिणाम समजून घेण्याचा, स्वतःच्या उपचाराचे मूलभूत कागद मिळविण्याचा, माहिती गुप्त ठेवली जाण्याचा आणि सेवेतील उणिवांबद्दल तक्रार करण्याचा हक्क रुग्णाला आहे. आपल्या वतीने निर्णयात साहाय्य करण्यासाठी त्याला प्रतिनिधीही नेमता येतो. महाराष्ट्रातील खाजगी शुश्रूषागृहांना २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावावे लागते. दवाखान्यात पाऊल टाकताच ही दोन्ही भिंतीवर दिसतात का, ते पाहावे. डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावयास हवी. ‘समुपदेशक’ या शब्दामागे कोणतेही प्रमाणपत्र असू शकते, किंवा काहीच नसूही शकते.

एवढे पाहण्यापूर्वी मात्र एक प्रश्न स्वतःला विचारावा. साधे उपचार खरोखरच पूर्ण झाले आहेत काय? अर्ध्या मात्रेत घेतलेली, पंधरा दिवसांत सोडलेली, नवस-उपासामुळे मध्येच बंद पडलेली औषधे ‘लागू पडली नाहीत’ असे म्हणता येत नाही. थायरॉइडचा विकार किंवा दारू यांमुळे नैराश्य हटत नसेल तर केटामाइन काय करणार? विजेच्या उपचारांविषयी आपल्याकडे चित्रपटांनी निर्माण केलेली धास्ती मोठी आहे. आज भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय ते देण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि तीव्र नैराश्यावर त्यांचा अनुभव केटामाइनपेक्षा कितीतरी जुना आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, तसेच गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था या ठिकाणी तज्ज्ञांचे दुसरे मत घेता येते. ज्या दवाखान्याला आपण दुसरे मत घेतलेले रुचत नाही, त्याच्याविषयीचे मत तेवढ्यावरून बनविले तरी चालेल.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला आपल्या तालुक्यात कोणत्या दिवशी भेटता येते, याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास खर्च येत नाही. त्याच फलकावर ‘टेलिमानस’ या केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक असावा. तो निःशुल्क असून रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णाला नव्या उपचाराची तारीख मिळेपर्यंत वाट पाहावयास लावणे धोक्याचे असते. त्याला त्याच दिवशी नजीकच्या शासकीय रुग्णालयात न्यावे.

उपचार घेण्याचे ठरलेच, तर त्या दिवसाची तयारी साधी आहे. दवाखाना सांगेल तितके तास काही न खाणे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे कागदावर लिहून नेणे, आणि सोबत घरचे एक जबाबदार माणूस असणे. हे माणूस औषध संपल्यावर दोन तास तरी तेथे थांबेल, रुग्णाला स्वतः घरी आणील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला दुचाकीला, विळ्याला वा विहिरीच्या कामाला हात लावू देणार नाही. पुढील तीन-चार दिवस त्याने रुग्णावर लक्ष ठेवावे; कारण मोठ्या आशेने घेतलेल्या औषधाचा गुण आला नाही, तर निराशा पूर्वीपेक्षा अधिक खोल जाण्याचा संभव असतो. त्या दिवसांत रात्री-अपरात्री दवाखान्यातील कोणाशी बोलता येईल, त्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वी लिहून घ्यावा, आणि तो लागतो की नाही हे तेथेच एकदा लावून पाहावे.